रविवारचे काळे कागद

१

ज्या दिवशी चिमणी गेली, त्या दिवशीचा कागद पांढरा निघाला.

चिमणी म्हणजे दुसरीतली एक मुलगी. अंगापिंडाने एवढीशी, आणि बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून शाळेने तिला चिमणी करून टाकलेलं. मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर तिला धाप लागली. दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडले, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. डॉक्टरांनी कारण लिहिलं: दमा, धुराने बळावलेला. आणि शाळेच्या गच्चीवर हवा मोजायचं जे यंत्र होतं, ते त्याच मंगळवारबद्दल सांगत होतं की हवा छान होती.

दोघांतलं कुणीतरी खोटं बोलत होतं.

यंत्र बोलतं ते कागदातून. दिवसभर ते हवा ओढत राहतं आणि हवेतली काजळी, राख एका पांढऱ्या कागदावर अडकते. कागद लावण्याआधी त्याचं वजन करायचं, काढल्यावर सुकवून पुन्हा करायचं. जेवढं वाढलं, तेवढी घाण. हे काम प्रयोगशाळेतल्या तराजूताईचं. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. काचेच्या पेटीतला तिचा तराजू पापणीचा केससुद्धा तोलायचा. घरी सासूबाई म्हणत, "जगाची धूळ तोलते आमची सून. पोराचं वजन विचारा, म्हणते कडेवर मावतंय अजून."

पोर दहा महिन्यांचं होतं. गुरुवारी सकाळी ती त्याला दूध पाजून, पदर नीट करून, धावतपळत कामावर आली आणि मंगळवारचं पाकीट उघडलं. चिमट्याने कागद उचलून तिने भिंगाखाली धरला.

काजळी जवळजवळ नव्हतीच. पण कडेला, दिसेल न दिसेल असा, एक पिवळा धागा चिकटला होता.

यंत्राच्या तोंडातून धागा आत जाईल कसा?

२

"ताई, शनिवारी दुपारपर्यंत अहवाल द्या," मोठे साहेब म्हणाले. "फार खोलात शिरू नका. यंत्र बिघडलं होतं, एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"बिघडलं म्हटलं तर काय होईल साहेब?"

"काय व्हायचंय? सगळे आकडे रद्द. नवीन यंत्र मागवू. चार महिन्यांत येईल."

गावात नियम होता. शाळेजवळ कोळसा जाळून वीज करणारं वीजघर होतं, आणि सलग तीन दिवस हवेचा आकडा लाल रेघेच्या वर गेला तर शाळा बंद ठेवायची, वीजघराची एक भट्टी विझवायची. आकडेच रद्द झाले तर नियम कशावर चालणार? चार महिने म्हणजे अख्खा हिवाळा. धूर खाली दाटून राहणार आणि उरलेली दोनशे मुलं तो ओढत बसणार.

तिने दोन महिन्यांचे कागद कपाटातून काढले आणि पत्ते मांडावेत तसे टेबलावर मांडले. एक आठवडा एका ओळीत. मग मागे सरून पाहिलं.

यंत्र बसलं तेव्हाचे पहिले दोन कागद काळे. त्यानंतर सोमवार ते शुक्रवार पांढरे. शनिवारचा राखाडी, ना इकडचा ना तिकडचा. आणि रविवारचा तव्याच्या बुडासारखा काळा. पुढच्या ओळीत तेच, त्याच्या पुढच्या ओळीतही तेच.

वीजघराला रविवार नसतो. भट्टी सुट्टी घेत नाही आणि वाराही वार पाहून वाहत नाही. मग शनिवारी दुपारीच दमून घरी जातं, रविवारी येत नाही, असं या गावात काय आहे?

शनिवारी अर्धा दिवस भरते ती शाळा.

सुकवायच्या बरणीत बुधवारचा कागद होता, आजच आलेला. तिने झाकण उघडलं. काळाकुट्ट. बुधवार असून काळा. म्हणजे जे काही कोणी करत होतं, ते चिमणी गेल्यावर थांबलं होतं.

मग इतके दिवस रविवारचे आकडे कोणाला टोचले कसे नाहीत? तिने नोंदवही उघडली. प्रत्येक रविवारवर लाल शाईने आडवी रेघ होती. शेजारी ‘वगळला’ असा शब्द.

अक्षर तिचंच होतं.

३

आठवलं तिला. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तो पहिला आठवडा. रात्रीची झोप नाही, दिवसा डोळे मिटायचे. साहेबांनी एक पत्र पुढे केलं होतं आणि सांगितलं होतं, रविवारवर रेघ मारत जा. तिने मारली. का, ते विचारलं नव्हतं. पत्र अजून फायलीत होतं. ते वीजघराकडून आलेलं होतं.

शुक्रवारी ती शाळेत गेली. फाटकाशी एक मावशी झाडत होती. वाकून, एकेक पान वेचल्यासारखी. वर न बघताच म्हणाली, "मोठ्या बाई आत आहेत."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. डोळे सुजलेले, आवाज मात्र खडा. "शाळा बंद पडायला नको म्हणून मीच काही केलं असेल, असंच वाटतंय ना तुम्हाला?"

"वाटत नाही. विचारायला आलेय."

"मग ऐका. दोन महिन्यांत मी गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही. किल्ली मावशींकडे असते. यंत्र तुमचं, बसवलं वीजघराने, कागद बदलतात तुमचे फिल्टरकाका. आमच्या वाट्याला त्याची घुंघुं तेवढी."

मावशीने किल्ली दिली. गच्चीवरून वीजघराची चिमणी एवढी जवळ दिसत होती, की हात लांब केला तर लागेल. धूर वर जायचा कंटाळा आल्यासारखा तिथेच लोळत होता. यंत्र छातीएवढं उंच, वर छत्रीसारखी टोपी. टोपीखाली हात फिरवला तर बोटांना चिकट काही लागलं, आणि एका स्क्रूत पिवळ्या धाग्यांचा पुंजका अडकलेला दिसला.

आणि यंत्राला अगदी लागून एक बुटकं बाकडं होतं. लहान मुलाचं. शेजारी फरशीवर खडूने काढलेला पक्षी, चोच वर करून.

खाली फाटकाशी फिल्टरकाका आले होते. साठीला टेकलेले, मोटरसायकलवरून उतरताना तोंड वाकडं करणारे. रोज सकाळी नवा कागद आणायचा, जुना न्यायचा, रविवारीसुद्धा, असं त्यांचं काम.

"काका, कसं चाललंय यंत्र?"

"फस्क्लास. वहीत बघ ना पोरी, रोज किती हवा ओढली ते लिहितो."

ती वही तिने आधीच पाहिली होती. साठ दिवस, साठ वेळा तोच आकडा. दिवसातून चारदा वीज कमीजास्त होते अशा गावात यंत्राची ओढ केसभरही हलली नव्हती.

"आणि वरचं बाकडं तुम्ही ठेवलंत का? बसायला?"

"कुठलं बाकडं?"

बोलून गेले आणि त्यांनाच कळलं. हातातलं पाकीट खाली घेत ते फाटकाला टेकले.

"गुडघे गेलेत गं," ते म्हणाले. "निवृत्तीला सहा महिने राहिलेत. चाळीस पायऱ्या आहेत. कागद मी बदलत नाही."

"मग कोण बदलतं?"

काकांनी नुसतं अंगणाकडे पाहिलं. तिथे आता कोणी नव्हतं. झाडू भिंतीला लावून ठेवलेला होता.

४

मावशी कागद बदलते, एवढ्याने कोडं सुटत नव्हतं. तिला यातून काय मिळणार? कोणी सांगितल्यावरून केलं असेल, तर सांगणारा वीजघरातलाच असणार. तराजूताई तिथे गेली.

पर्यावरणाचं खातं पाहणारे अधिकारी टाय लावून बसले होते. माणूस गोड बोलणारा. खोली बंद, गार, आणि कोपऱ्यात एक पांढरा उभा डबा मंद घुंघुं करत होता.

"हे काय?" तिने विचारलं.

"फिल्टर. खोलीतली हवा साफ करतो. इथे धूळ फार ना." मग जीभ चावल्यासारखं हसले. "मध्ये शाळेची मुलं आभार मानायला आली होती, त्यांनाही याचीच गंमत वाटली. सोबतच्या मावशी तर हटेचनात इथून."

"आभार कशाबद्दल?"

"यंत्र बसवलं म्हणून. छान कार्यक्रम झाला होता. मी म्हटलं, आता मुलांच्या हवेची काळजी या यंत्रावर सोडा. टाळ्या पडल्या."

तिने पिशवीतून पत्र काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "हे तुमचंच ना? रविवारी शाळेत देखरेख नसते, म्हणून रविवारचे आकडे वगळावेत."

"हो. रास्त मागणी आहे."

"देखरेख शनिवारी दुपारनंतरही नसते. सुट्टीच्या इतर दिवशीही नसते. तुम्ही नेमका रविवारच काढायला सांगितलात, कारण तेवढाच पूर्ण काळा होता. म्हणजे आठ ओळी मांडून मला काल जे दिसलं, ते तुम्हाला पहिल्या दोन आठवड्यांतच दिसलं होतं. आकडे खोटे आहेत हे तुम्ही ओळखलंत. कोण करतंय ते तुम्ही विचारलं नाहीत. खोटे ठेवलेत आणि खरे खोडायला लावलेत."

टायवाल्यांनी पत्राची घडी घालून ते तिच्याकडे परत सरकवलं.

"मी कुणाला काही करायला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "सिद्ध करा."

"माहीत आहे मला. तुम्ही काहीच केलं नाहीत."

ते उठून दारापर्यंत पोचवायला आले. "ताई, रेघा मात्र तुम्ही मारल्यात हं. अहवालात तेही येईल. यंत्र बिघडलं होतं म्हटलंत तर कुणाचंच नाव येत नाही. लहान मूल आहे ना तुम्हाला? नोकरी जपा."

ती जिना उतरू लागली. लहान मूल आहे, म्हणूनच तर.

५

परत शाळेत आली तेव्हा मोठ्या बाईंनी एक वही काढून ठेवली होती. निबंधाची. "तिची आहे. घरी द्यायची होती, माझ्याच्याने होईना. तुम्ही बघा, हवेबद्दल काहीतरी आहे त्यात."

अक्षर मोठं, ओळ सोडून पळणारं.

‘आमच्या गावात दोन चिमण्या आहेत. मोठी चिमणी धूर सोडते. छोटी चिमणी मी आहे. मला धूर सोडता येत नाही, मला फक्त खोकला येतो. मधल्या सुट्टीत सगळे पळतात. मला मावशी चांगल्या हवेत नेऊन बसवते. तिथे खूप जोरात चांगली हवा असते. मावशी म्हणते, कागद पांढरा झाला, आता तू बरी होणार.’

"मावशी म्हणजे घरची कोणी असेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "आई तर बाळपणीच गेली तिची."

"मधल्या सुट्टीत घरची मावशी कशी येईल, बाई?"

मोठ्या बाईंचा हात तोंडावर गेला.

मावशी मागच्या खोलीत होती, जिथे खडू, घंटा आणि झाडू ठेवतात. तराजूताई तिच्यासमोर जमिनीवरच बसली. दोघींच्या मध्ये तिने कागदाची घडी उलगडली. आत पिवळा धागा.

मावशीने तो लगेच ओळखला. "माझ्या बहिणीची ओढणी," ती म्हणाली. "तिचे दोन तुकडे केले होते. एक लावायचा, एक वाळत घालायचा."

"तुमच्या बहिणीची?"

"चिमणीच्या आईची. शाळेत मी सगळ्यांचीच मावशी, बाई. हिची तेवढी खरी होते. तिलाच मी सांगून ठेवलं होतं, शाळेत बोलायचं नाही, नाहीतर म्हणतील मावशी लाड करते."

बाहेर वर्गात पाढे चालू होते. बे चोक आठपाशी एक आवाज मागे राहिला, खोकला, आणि धावत पुढच्यांना गाठायला गेला.

"ओढणी का लावलीत, मावशी?"

"फिल्टर ना तो." तिने एवढ्या सहज सांगितलं, की तराजूताईला पुढचं ऐकावंसं वाटेना. "काका रोज म्हणायचे, फिल्टर आहे, जपून लाव. त्या साहेबांच्या खोलीतही फिल्टर होता, असाच घुंघुं करणारा. त्या खोलीत चिमणी तासभर खोकली नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. तेच म्हणाले होते ना, हवेची काळजी यंत्रावर सोडा. मग मी रोज तिला त्याच्याजवळ बसवायला लागले. पहिले दोन दिवस कागद काळा निघाला. मला वाटलं, बिचारं केवढी घाण ओढतंय, पुरं पडत नाहीये. म्हणून ओली ओढणी बांधली तोंडाला, त्याला मदत म्हणून. तर कागद पांढरा यायला लागला, बाई. मी तिला दाखवायचे. म्हणायचे, बघ, हवा साफ झाली."

"आणि रविवारी?"

"रविवारी मुलं नसतात. मग कुणासाठी बांधू? शनिवारी शाळा सुटली की काढायचे, घरी धुवायला."

सगळं जुळलं होतं. धागा, वार, बाकडं, बुधवार. कोडं सुटल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तराजूताईला मात्र ठाऊक होतं, खरं काम आता होतं. उद्या हे कागदावर येणार आणि परवा गाव बोलणार. त्याआधी हे तिने या बाईला स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "ते यंत्र हवा साफ करत नाही."

"मग काय करतं?" मावशीने विचारलं.

"नुसती मोजतं. घाण ओढणीवर राहिली, म्हणून आकडा कमी आला. जास्त आला असता तर शाळा बंद झाली असती आणि एक भट्टी विझली असती."

मावशीने धागा उचलून बोटाला गुंडाळला. सोडला. पुन्हा गुंडाळला.

"म्हणजे मी तिला रोज धुरात नेऊन बसवली."

तराजूताईने नाही म्हटलं नाही. तिला तोलून बोलायची सवय होती आणि इथे कुठलंही वजन बसत नव्हतं. तिने फक्त मावशीचा हात धरला.

मावशीने विचारलं, रागाने नाही, खरंच कळत नाही म्हणून विचारतात तसं. "पण मग ताई, तुम्ही एवढं मोजून करता काय?"

६

अहवाल शनिवारी दुपारी गेला. त्यात तिने ‘बिघाड’ हा शब्द लिहिला नाही. यंत्र धडधाकट होतं, त्याच्या तोंडाला कापड होतं, एवढं लिहिलं. कापड कोणी, कशासाठी बांधलं, आणि तिला तसं का वाटलं, ते लिहिलं. कोणीही तिला यंत्राचं काम समजावून सांगितलं नव्हतं, हे लिहिलं. काकांचे गुडघे लिहिले. वीजघराचं पत्र जोडलं. शेवटी लिहिलं, ‘रविवारचे खरे आकडे मी माझ्या हाताने खोडले. का, ते विचारलं नाही.’ आणि सही केली.

मावशीने आदल्या दिवशीच एक पुडकं दिलं होतं. मंगळवारचा तुकडा. त्या दिवशी ती दवाखान्याकडे धावली, तुकडा रात्रभर यंत्रावरच राहिला, आणि बुधवारी काढल्यावर तिला तो धुववला नाही. सोबत दुसरा, धुतलेला.

"धुणार नाही ना?" तिने विचारलं होतं.

"नाही. नुसतं तोलून परत देईन."

दोन्ही तुकडे वाळवून तिने काचेच्या पेटीत एकामागोमाग एक ठेवले. एकाच ओढणीचे, एकाच मापाने फाडलेले. काळ्याचं वजन जेवढं जास्त भरलं, ती त्या मंगळवारची हवा. जेमतेम अर्धा ग्रॅम. चिमूटभर मिठाएवढं. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "कायद्याला हे वजन चालायचं नाही, ताई."

"माहीत आहे."

"अहवालात घाला तरी." मग खालच्या आवाजात, "त्या पत्रावर माझीही सही आहे. ते पानही असू द्या."

आकडे रद्द झाले नाहीत. बुधवार, गुरुवार, शुक्रवार सलग तीन दिवस लाल रेघेच्या वर होते, आणि नियमाला एवढंच लागत होतं. टायवाल्यांची बदली झाली नाही, साधी चौकशी तेवढी लागली. काकांना कचेरीत बसायचं काम मिळालं. तराजूताईच्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडला. तो वाचून सासूबाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. बाळाला तिच्या मांडीवर ठेवून आत गेल्या.

सोमवारी शाळेच्या फाटकाला कुलूप होतं. मुलं आपापल्या घरी होती. दूर वीजघराच्या एका भट्टीचा धूर बंद होता, बाकीच्यांचा चालूच होता. काकांच्या जागी कोणी नेमेपर्यंत कागद तिलाच आणायचा होता. आजचा होता रविवारचा.

दोन्ही तुकडे घडी करून तिने आणले होते. मावशीने ते घेतले, काळा छातीशी धरला आणि मग विचारलं, "किती भरलं?"

तिने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. चिमूटभर.

"एवढंच?"

"एवढंच."

मावशीने मान हलवली. मग कुलूप काढून ती आत गेली. चाळीस पायऱ्या चढताना तिची चप्पल ऐकू येत होती, वर पोचून एकदा थांबली, बाकड्यापाशी असेल, आणि पुन्हा उतरू लागली. फाटकाशी येऊन तिने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं.

"काळा आहे, ताई," ती म्हणाली. "आहे तसाच आणलाय. या खेपेला तुम्ही खोडू नका."